आधीं शिष्य, मग पुढारी : तंजावरचे सरफोजी महाराज

आमच्या अमरावती-अकोल्याकडील ज्या हायस्कुलांत विद्यार्थ्यांचा बँड असतो, तेथें दर वर्षीं एक प्रश्न उत्पन्न झाल्याशिवाय राहत नाहीं : यंदा बँडचा पुढारी कोण होणार ? ढोल, ताशा, बिगूल, बासरी वाजविणारीं मुलें पुष्कळ असतात. परंतु १५ ऑगस्टला व २६ जानेवारीला सर्वांच्या पुढें हातांत काठी घेऊन चालण्याचा मान एकासच मिळतो. त्या मानासाठीं मुलें झटतात, रुसतात, प्रसंगीं एकमेकांशीं बोलणेंहि सोडतात. आणि त्या रुसव्याची झळ घरीं आईबापांनाहि लागते.

अशा मानाची इच्छा धरण्यांत गैर कांहींच नाहीं. आपल्या अंगीं कांहीं गुण आहे व तो चारचौघांपुढें यावा, असें ज्या मुलास कधीं वाटतच नाहीं, त्याच्याविषयीं उलट काळजी करावी. विचार करावयाचा तो इतकाच कीं, मान मिळण्यापूर्वीं मनुष्यानें काय करावें, आणि तो मिळाल्यावर त्याचा उपयोग कोणासाठीं करावा. या प्रश्नांचें उत्तर नुसत्या उपदेशानें पटत नाहीं. तें कोणाच्या तरी चरित्रांत पाहावें लागतें. म्हणून ज्या मराठी राजपुत्रानें बालपणीं अंधाऱ्या खोलींत दिवस काढले, एका पाद्री गुरूच्या आश्रयानें विद्या संपादन केली, वयाच्या एकविसाव्या वर्षीं गादी मिळविली, आणि सत्ता हातची गेल्यावर बँड, छापखाना व शाळा यांना आपलें आयुष्य वाहिलें, त्या तंजावरच्या सरफोजी महाराजांचें चरित्र येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

वऱ्हाडांत भोसले हें नांव निघालें कीं नागपूरकर भोसल्यांची आठवण होते. तंजावरचे भोसले हे निराळ्या शाखेचे. शहाजीराजांचे पुत्र व शिवाजीमहाराजांचे सावत्र बंधु व्यंकोजी, ज्यांना एकोजी असेंहि म्हणतात, यांनीं सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत कावेरीच्या सुपीक खोऱ्यांतील तंजावर घेतलें; तेव्हांपासून १८५५ पर्यंत तेथें हें मराठी घराणें नांदलें. प्रजेची भाषा तामीळ, गवयांचीं पदें तेलुगू, पंडितांचे ग्रंथ संस्कृत आणि राजवाड्यांतील बोली मराठी, असा चार भाषांचा तेथें संसार होता. महाराष्ट्रापासून शेंकडों कोस दूर राहूनहि या घराण्यानें मराठी सोडली नाहीं, आणि शेजाऱ्यांच्या भाषाहि परक्या मानिल्या नाहींत.

सरफोजींचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ रोजीं भोसल्यांच्या भाऊबंदांपैकीं एका घरांत झाला. तंजावरचे राजे तुळजाजी यांची मुलें त्यांच्या डोळ्यांदेखत निवर्तलीं होतीं. १७८७ च्या आरंभीं स्वतःचा अंत जवळ आला असें पाहून त्यांनीं या नऊ वर्षांच्या मुलास दत्तक घेतलें. दत्तक घेतला खरा. परंतु एवढ्या लहान मुलाचें व राज्याचें रक्षण कोणी करावें? भोंवतालच्या मंडळींत प्रत्येकाचा कांहीं ना कांहीं स्वार्थ गुंतलेला. तेव्हां त्या मरणोन्मुख राजाची दृष्टि एका परदेशी, परधर्मी मनुष्याकडे वळली. ते गृहस्थ म्हणजे रेव्हरंड ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्त्झ.

श्वार्त्झ यांचा जन्म १७२६ सालीं जर्मनींत झाला. १७५० सालीं ते तरंगमबाडी येथील डॅनिश वसाहतींत उतरले आणि पुन्हा कधीं स्वदेशीं परत गेले नाहींत. तामीळ तर त्यांनीं उत्तम आत्मसात केलीच, शिवाय मराठी, फारशी व हिंदुस्थानी याहि भाषा ते शिकले. १७७८ पासून त्यांचें वास्तव्य तंजावरास होतें. त्यांच्या सचोटीची कीर्ति एवढी होती कीं, १७७९ सालीं इंग्रजांना हैदरअलीकडे बोलणें लावावयाचें होतें तेव्हां त्यांनीं याच पाद्र्यास श्रीरंगपट्टणास पाठविलें, व हैदरानेंहि त्यांचा मान राखला.

तुळजाजींनीं मुलाचा हात श्वार्त्झ यांच्या हातीं दिला व त्यांनींच पालक व्हावें अशी विनंति केली. विद्यार्थ्यांनीं येथें क्षणभर थांबून विचार करावा. एका समृद्ध राज्याचें पालकपण न मागतां पुढें आलें होतें. श्वार्त्झ यांनीं तें नाकारलें. आपण परके, आपल्या पालकपणानें राजवाड्यांत मत्सर वाढेल व त्याची झळ या मुलासच लागेल, असें त्यांना वाटलें. राजाचे सावत्र बंधु अमरसिंग यांस मुलगा वयांत येईपर्यंत कारभारी नेमावें, असा सल्ला त्यांनीं दिला. तुळजाजींनीं तो मानला आणि थोड्याच दिवसांत ते वारले.

परंतु सद्धेतूनें दिलेला सल्लाहि प्रत्येक वेळीं फळास येतोच असें नाहीं. अमरसिंगांना कारभारीपण पुरेना. दत्तविधान शास्त्राप्रमाणें झालेलें नाहीं असा पंडितांचा निर्णय पुढें करण्यांत आला; मद्रासच्या इंग्रज सरकारनें तो ग्राह्य धरला, आणि अमरसिंग कारभाऱ्याचे राजे झाले. ज्याचें राज्य राखावयाचें, तोच मुलगा आतां नव्या राजाच्या डोळ्यांत सलूं लागला. सरफोजीस वाड्यांतील एका अंधाऱ्या जागेंत जवळजवळ कोंडूनच ठेवण्यांत आलें. पोटाला मिळे, परंतु गुरु नाहीं, पुस्तक नाहीं, समवयस्क सोबती नाहीं. ज्यास पुढें कधीं डोकें वर काढूं द्यावयाचें नाहीं, त्यास अशिक्षित ठेवावें, ही युक्ति फार जुनी आहे. तरवारीच्या वाराचा बोभाटा होतो. अज्ञानांत ठेवलेल्या मुलाचा कोठेंहि होत नाहीं.

श्वार्त्झ यांनीं मात्र हा बोभाटा केला. मुलास शिक्षण मिळालें पाहिजे, अशा तक्रारी त्यांनीं मद्रास सरकारकडे पुनः पुनः केल्या. अखेर सरकारनें लक्ष घातलें, मुलास मोकळी हवा मिळाली आणि त्याचा अभ्यास सुरू झाला. तरीहि वाड्यांत त्याच्या जिवास व तुळजाजींच्या विधवा राण्यांस स्वस्थता लाभेना. म्हणून १७९३ सालीं सर्वांस मद्रासेस हलविण्यांत आलें. तेथें श्वार्त्झ यांचेच सहकारी रेव्हरंड गेरिके यांनीं सरफोजीच्या शिक्षणाचा भार उचलला. राजपुत्राचें वय तेव्हां पंधरा-सोळा वर्षांचें होतें. म्हणजे आपल्या हायस्कुलांतील वरच्या वर्गांतील मुलाएवढें. इंग्रजी भाषा, इतिहास, भूगोल, गणित, सृष्टिविज्ञान असे विषय त्यानें तेथें आवडीनें अभ्यासिले. राज्य मिळेल कीं नाहीं याची कांहींच शाश्वति नव्हती. उद्यां आपण सामान्य पेन्शनर म्हणून मरूं, हेंहि संभवनीय होतें. असें असतां त्यानें अभ्यासांत कसूर केली नाहीं. गादी मिळाली तर शिकूं, असें तो म्हणत बसला असता, तर पुढें गादी मिळाली तेव्हां तिच्यावर एक अडाणी राजा बसला असता, आणि त्याचें नांव आज आपणांस ठाऊकहि नसतें.

त्याच काळीं मद्रासेच्या आसपास संगीताच्या इतिहासांतील एक मौजेची गोष्ट घडत होती. तेथील सेंट जॉर्ज किल्ल्यांत इंग्रजांचा बँड वाजत असे. मूळचें तंजावर प्रांतांतील थोर वाग्गेयकार मुथुस्वामी दीक्षितर यांचें घराणें तेव्हां मद्रासेजवळ मणली येथें राहत होतें. त्यांचे धाकटे बंधु बालुस्वामी यांनीं विलायती वादकाकडून व्हायोलिनचे धडे घेतले आणि तें वाद्य आपल्या संगीतासाठीं योजिलें. मुथुस्वामींनीं तर बँडच्या विलायती चालींवर संस्कृत पदें रचिलीं. परक्याचें वाद्य, परक्याची चाल. पण शिकण्याची लाज त्यांना वाटली नाहीं. दक्षिणेच्या गाण्याच्या बैठकींत आज व्हायोलिनची साथ जवळजवळ अपरिहार्य झाली आहे, तिचें एक मूळ येथें आहे.

इकडे तंजावरास अमरसिंगांचा कारभार कर्जांत बुडाला व कंपनी सरकारची नाराजी वाढली. सरफोजीच्या पक्षाकडून हक्काचे अर्ज होतच होते. दत्तविधानाविषयीं पंडितांचीं मतें पुन्हा मागविण्यांत आलीं, व तीं या वेळीं सरफोजीस अनुकूल पडलीं. १७९८ च्या जूनअखेर सरफोजी तंजावरच्या गादीवर बसले. हा दिवस पाहण्यास श्वार्त्झ मात्र उरले नव्हते. १३ फेब्रुवारी १७९८ रोजींच त्यांचें देहावसान झालें होतें.

यांत एक गोष्ट झांकून ठेवण्यासारखी नाहीं. कंपनी सरकारनें सरफोजींना गादी दिली ती केवळ न्यायबुद्धीनें दिली नाहीं. २५ ऑक्टोबर १७९९ रोजीं तह झाला आणि त्या तहानें तंजावर प्रांताचा सर्व मुलकी व लष्करी कारभार कंपनीनें घेतला. राजांकडे किल्ला व त्याच्या आसपासचा थोडा भाग राहिला. खर्चासाठीं दरसाल एक लाख होन व निव्वळ वसुलाचा पांचवा हिस्सा ठरला. अकरा वर्षें ज्या मानाची वाट पाहिली तो मान हातीं आला, आणि दीड वर्षाच्या आंत त्यांतील सत्ता निघून गेली. म्यान हातांत राहिलें, तरवार गेली.

अशा प्रसंगीं मनुष्याची खरी परीक्षा होते. त्या काळीं सत्ता गेलेले अनेक संस्थानिक शिकारींत, मेजवान्यांत व कर्जांत आयुष्य घालवीत होते. दुसरे कित्येक सरदार गेलेलें परत घेण्यासाठीं लढले. १८०३ सालीं आपल्या वऱ्हाडांतच, अकोल्याकडील अडगांवच्या मैदानांत व अमरावतीकडील गाविलगडावर, नागपूरकर भोसल्यांच्या फौजा जनरल वेलस्लीच्या फौजेशीं लढल्या व पराभव पावल्या. आणि देवगांवच्या तहानें वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेलें. त्याच १८०३ सालीं तंजावरचे भोसले आपल्या घराण्याचा इतिहास मराठींत बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर कोरवून घेत होते. एकाच आडनांवाचीं दोन घराणीं, एकच वर्ष, एकच प्रतिपक्ष. लढणाऱ्यांचें शौर्य कोणी कमी लेखूं नये. परंतु ज्याच्यापाशीं लढण्याचें साधनच उरलें नव्हतें त्यानें काय करावें, हा प्रश्नहि खराच होता. आणि सरफोजींनीं त्याचें उत्तर आपल्या परीनें दिलें. जें कंपनीस घेतां आलें नव्हतें, तें विद्याधन त्यांच्यापाशीं होतें. तें त्यांनीं लोकांत वाटण्यास आरंभ केला.

प्रथम बँडाचीच गोष्ट पाहूं. तंजावरच्या दरबारीं वीणा, मृदंग, नागस्वर यांची परंपरा मोठी होती. महाराजांनीं तिला धक्का लावला नाहीं. तिच्या शेजारीं विलायती वाद्यांचा एक संच उभा केला. हाच पुढें तंजावर बँड या नांवानें गाजला. विलायती स्वरलेखनाच्या वह्या व पुस्तकें त्यांनीं संग्रहीं ठेविलीं. तीं त्यांच्या ग्रंथालयांत पुढेंहि जतन झालीं. दरबारांतील वराहप्पय्या नांवाचे विद्वान अधिकारी व्हायोलिन व पियानो वाजविण्यांत निष्णात होते. गवई, नट्टुवनार आणि बँडवाले एकाच वाड्यांत वावरत असल्यामुळें एकाची विद्या दुसऱ्याच्या कानीं पडूं लागली.

बँड म्हणजे काय, हें ज्यानें त्यांत उभें राहून वाजविलें आहे त्यासच नीट समजतें. एकट्या गवयास वाटेल तेथें तान घेतां येते. बँडांतील वादकास तसें करतां येत नाहीं. प्रत्येकाच्या पुढें त्याच्या वांट्याची स्वरलिपि असते. एखाद्या बिगुलवाल्यास सोळा मात्रा मुकाट्यानें उभें राहावें लागतें, आणि सतराव्या मात्रेस नेमका सूर काढावा लागतो. त्या सोळा मात्रा मोजणें हेंहि वाजविणेंच होय. चालतां चालतां वाजवावयाचें असेल तर डावें पाऊल मोठ्या ढोलाच्या ठोक्यावरच पडलें पाहिजे. जलद चालींत मिनिटास सुमारे १२० पावलें पडतात, आणि त्यांतील एक चुकलें तरी मागची सबंध रांग विस्कळीत होते. पुढें काठी घेऊन चालणारा तर स्वतः कांहींच वाजवीत नाहीं. त्याच्या काठीला आवाज नसतो. कोठें वळावयाचें, कोठें थांबावयाचें, कोणती चाल केव्हां सुरू करावयाची व केव्हां संपवावयाची, हें तो खुणेनें सांगतो. आणि ती खूण बरोबर केव्हां करावी हें त्यास कळण्यासाठीं त्याला मागच्या प्रत्येक वाद्याचें काम ठाऊक असावें लागतें. श्रावणांत अकोल्यास राजराजेश्वराच्या मंदिराकडे कावडी निघतात, तेव्हां खांदे देणाऱ्यांचीं पावलें ढोलाच्या ठोक्यावर पडतात, हें आपण पाहतोंच. तेथेंहि जो पुढें असतो त्यास मागच्यांच्या खांद्यावरील भार ओळखून चालावें लागतें.

सरफोजींचें राजेपण या काठीसारखें झालें होतें. त्यांत स्वतःचा आवाज नव्हता. पण इतरांकडून वाजवून घेण्याची शक्ति होती. त्यांच्या दरबारांतील चार नट्टुवनार बंधु चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलु यांनीं दक्षिणेच्या नृत्याची जी मांडणी केली तीच पुढें भरतनाट्याच्या शिक्षणाचा पाया झाली. यांतील वडिवेलु यांनीं व्हायोलिनवर असें प्रभुत्व मिळविलें कीं, १८३४ सालीं त्रावणकोरचे महाराज स्वातितिरुनाळ यांनीं त्यांना हस्तिदंती व्हायोलिन भेट दिलें. बँडांतील क्लॅरिनेट त्याच शतकांत नृत्याच्या साथींत शिरलें. महाराजांनीं स्वतः नृत्यासाठीं मराठींत पदसमूह रचिले. कोरव्याचे साहित्याचे जिन्नस या नांवानें ते प्रसिद्ध आहेत. देवेंद्र कुरवंजी या त्यांच्या मराठी नाटकांत तर डोंगरांत राहणारी कुरवंजी पृथ्वीच्या भूगोलाचें वर्णन गाऊन सांगते. भूगोलाचा तास ज्यांना रुक्ष वाटतो त्या विद्यार्थ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, एका मराठी राजास तो विषय गाण्याच्या योग्यतेचा वाटला होता.

गाण्याबजावण्याइतकीच आस्था त्यांना शाळेविषयीं होती. स्वतःस पुस्तकावांचून कोंडून ठेविलें गेलें, त्या दिवसांची आठवण ते विसरले नसावेत. एकोणिसाव्या शतकाच्या अगदीं आरंभीं त्यांनीं तंजावरास व ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्रांत शाळा चालविल्या. छत्रांत वाटसरूंस व गरिबांस अन्न मिळे, आणि तेथेंच मुलांना विनामूल्य विद्याहि मिळे. १८०५ सालीं त्यांनीं देवनागरी लिपीचा छापखाना घातला. दक्षिण हिंदुस्थानांत अशा प्रकारचा तो पहिलाच. १८०६ सालीं त्या छापखान्यांतून इसापाच्या गोष्टींचें मराठी रूपांतर बालबोध मुक्तावलि या नांवानें निघालें. पुण्यामुंबईस मराठी छापील पुस्तक दुर्मिळ होतें त्या दिवसांत, तामीळ देशांत, मुलांसाठीं मराठी पुस्तक छापलें जावें, ही गोष्ट प्रत्येक मराठी विद्यार्थ्यास अभिमानाची वाटली पाहिजे.

नायक राजांच्या काळापासून चालत आलेल्या वाड्यांतील ग्रंथसंग्रहास त्यांनीं जें रूप दिलें तेंच आजचें सरस्वती महाल ग्रंथालय होय. १८२० सालीं ते मोठा परिवार घेऊन काशीयात्रेस निघाले, तेव्हांहि वाटेंतील क्षेत्रीं पंडितांकडून पोथ्या मिळविण्याचा व उतरून घेण्याचा उद्योग चालूच होता. संस्कृत, मराठी, तामीळ व तेलुगू पोथ्यांशेजारीं युरोपांतील छापील ग्रंथांस त्यांनीं जागा दिली. धन्वंतरि महाल या नांवाच्या त्यांच्या औषधशाळेंत देशी वैद्य व विलायती पद्धतीचे डॉक्टर या दोघांच्याहि विद्येचा उपयोग होई. तेथें डोळ्यांच्या रोग्यांवर उपचार होत, आणि कोणत्या रोग्याचा डोळा कसा होता, कोणता उपचार केला व पुढें काय गुण आला, याची चित्रांसह टिपणें ठेवीत. तीं टिपणें आजहि तंजावरास आहेत.

आपल्या गुरूस महाराज विसरले नाहींत. श्वार्त्झ यांच्या स्मरणार्थ लंडनचे प्रसिद्ध शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून त्यांनीं संगमरवरी स्मारक करवून घेतलें व तें तंजावरच्या किल्ल्यांतील चर्चमध्यें बसविलें. शय्येवर पडलेले वृद्ध गुरु, त्यांचा हात हातीं घेऊन उभा असलेला तरुण राजा, आणि जवळ उभीं असलेलीं शाळेचीं मुलें, असा तो देखावा आहे. महाराजांनीं स्वधर्म सोडला नाहीं. ते अखेरपर्यंत देवळांचे व यात्रेकरूंचे आश्रयदाते राहिले. श्वार्त्झ यांनींहि विद्येची किंमत म्हणून धर्म मागितला नाहीं. १८२६ सालीं बिशप हीबर तंजावरास आले तेव्हां महाराजांचें ज्ञान पाहून त्यांना आश्चर्य वाटलें. आणि गुरूच्या मृत्यूस अठ्ठावीस वर्षें लोटलीं असतांहि महाराज त्यांच्याविषयीं पित्याप्रमाणें बोलतात, हें पाहून त्यांचें मन भरून आलें.

तथापि चरित्र लिहिणाऱ्यानें भाट होऊं नये. समुद्रकांठीं महाराजांनीं १८१४-१५ च्या सुमारास मनोरा नांवाची इमारत बांधली ती नेपोलियनच्या पाडावाच्या व इंग्रजांच्या विजयाच्या स्मरणार्थ. ज्यांनीं आपली सत्ता घेतली त्यांच्या जयाचा स्तंभ आपणच उभारावा, हें आज आपणांस खटकतें, व खटकावें. कंपनीच्या कृपेवर ज्याचें सर्व अवलंबून, त्याला मान किती तुकवावी लागते, याची ती साक्ष आहे. शिवाय महाराज विद्येंत रमले तेव्हां प्रांतांतील शेतकऱ्याच्या साऱ्याचा निर्णय कंपनीचे अधिकारी करीत होते. तेथें राजांचा इलाज नव्हता. विद्येनें सत्तेची भरपाई होते असें या चरित्रावरून कोणीं अनुमान काढूं नये. ७ मार्च १८३२ रोजीं महाराज वारले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे १८५५ सालीं पुत्रावांचून निवर्तले, आणि कंपनीनें तंजावरचें राजपदच बंद केलें.

राजपद गेलें, परंतु बँडांतून निघालेले सूर गेले नाहींत. ज्या मुलींच्या पायांत भरतनाट्याचे चाळ आहेत त्या तंजावरच्या नट्टुवनारांनीं घालून दिलेला क्रमच शिकतात. सरस्वती महालांत अभ्यासक पोथ्या उलगडतात. महाराजांनीं स्वतःसाठीं जें मागितलें तें एका पिढींत संपलें. इतरांच्या हातीं जें दिलें तेंच टिकलें.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यांतील जो कोणी यंदा बँडचा पुढारी होऊं इच्छीत असेल त्यानें ती इच्छा जरूर धरावी व आपल्या शिक्षकांस उघडपणें सांगावी. परंतु नांव देण्यापूर्वीं ढोल, बिगूल व बासरी या प्रत्येकाचें काम जवळून शिकून घ्यावें. नवख्या मुलाचें पाऊल चुकत असेल तर सुटीच्या वेळीं त्याला बरोबर घेऊन चालावें. आणि मात्रा मोजीत मुकाट उभें राहण्याचा सराव करावा. निवड झाली तर हें सर्व कामास येईल. न झाली तर त्यांतील एकहि गोष्ट फुकट जाणार नाहीं. सरफोजीनें मद्रासेंत केलेला अभ्यास गादीच्या आशेवर अवलंबून नव्हता, हें आठवावें.

पालकांसहि एक विनंति आहे. मुलगा घरीं येऊन आपली निवड झाली नाहीं असें सांगेल, तेव्हां शिक्षकांस दोष देण्याची घाई करूं नये, आणि मुलासहि हिणवूं नये. कोणतें वाद्य वाजवितोस, एवढें त्यास विचारावें, आणि सवड काढून त्याचें वाजविणें ऐकावें. राजवाड्यांत कोंडलेल्या त्या मुलासाठीं एक वृद्ध पाद्री वर्षानुवर्षें अर्ज लिहीत राहिला. त्याला गादी मिळेल कीं नाहीं हें त्या पाद्र्यासहि ठाऊक नव्हतें, परंतु मुलाला शिकतां आलें पाहिजे एवढें त्याला पक्कें ठाऊक होतें. आपल्या मुलासाठीं इतकें करणें कोणत्याहि घरास अशक्य नाहीं.